पत्र्यावरच्या दोन थापा

पाचूबंदर ते वसई स्टेशन या गाडीवर ड्यूटी लागली की डेपोतले बाकीचे कंडक्टर तोंड वाकडं करायचे. गाडी सुटायची तीच मुळी मासळीच्या पाट्यांनी अर्धी भरून. पायाखाली ओल, वर माणसांची दाटी, आणि कोणाच्या साडीला पाटीचं पाणी लागलं की स्टेशन येईपर्यंत संपणार नाही असं भांडण. शांताराम मांडवकरने मात्र ही गाडी मागून घेतली होती. तो संगमेश्वरकडचा, मासळीच्या वासाला नाक मुरडणाऱ्यातला नव्हता. संध्याकाळच्या फेरीला एखादी बाई उरलीसुरली करंदी कागदात गुंडाळून त्याच्या पिशवीत टाकायची, तेव्हा त्याचा चेहरा असा खुलायचा की ड्रायव्हर कॉन्रॅड म्हणायचा, "मांडवकर, तुला पगार नाय दिला तरी चालेल."

बाया त्याला मास्तर म्हणत. शिव्याही देत, पण त्या घरच्या माणसाला देतात तशा. त्यांत दोघी मुख्य होत्या, पुतळाबाई आणि रेजिना. एक हिंदू कोळीण, एक ख्रिस्ती कोळीण, घरं एकाच गल्लीत आणि पापडीच्या बाजारात बसायची जागाही शेजारी शेजारी. पुतळाबाई वयाने मोठी आणि अंगाने भारी. रेजिना बारकी, चपळ, तोंडाने फटकळ. दोघींचं एकमेकींशी पटत नसे आणि एकमेकींवाचून भागतही नसे. गाडीत चढल्यापासून पापडी येईपर्यंत त्या कशावरून तरी हुज्जत घालत. एखाद्या दिवशी दोघी गप्प बसल्या तर मागच्या सीटवरचे लोक विचारत, "काय झालं, भांडलात काय?"

आता या गाडीची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पापडीला बाया मागच्या दाराने उतरत. आधी एक जण खाली उतरायची, मग वरच्या बाया पाट्या एकेक करून तिच्या हातात द्यायच्या, मग त्या स्वतः उतरायच्या. कंडक्टर त्या वेळी गर्दीत कुठेतरी मधे अडकलेला, त्याला मागचं दार दिसतच नसे. म्हणून सगळ्या उतरल्या, पाट्या खाली लागल्या, की खालची बाई गाडीच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारायची. थाप, थाप. म्हणजे झालं, जाऊ दे. ते ऐकलं की मास्तर घंटीची दोरी दोनदा ओढायचा आणि कॉन्रॅड गाडी काढायचा. ही थाप मारायचं काम कायम रेजिनाचं. नियमात हे बसत नव्हतं. कंडक्टरने स्वतः दारात जाऊन, बघून, मगच घंटी द्यायची असा नियम. पण नियम करणाऱ्याने सकाळच्या पाचूबंदर गाडीत कधी पाय ठेवला नसावा. शांतारामच्या आधीच्या कंडक्टरनेही हेच केलं होतं, आणि कधी कोणाला साधं खरचटलंही नव्हतं.

सत्त्याण्णव साली शांतारामचं लग्न झालं. लतिका लालबागची. चाळीत वाढलेली, फोर्टातल्या एका कंपनीत टायपिस्ट, बोलायला धीट आणि चालायला भरभर. लग्नानंतर दोघांनी पापडीत एका वाडीतली मागची खोली भाड्याने घेतली. समोर केळी, मागे विहीर. लतिकाला सुरुवातीला इथल्या शांततेचीच भीती वाटायची, मग हळूहळू तिला केळीच्या पानांची सळसळ आवडायला लागली. ती सकाळी नवऱ्याच्याच गाडीने स्टेशनला जायची. पुढच्या दाराने चढायची, पुढेच बसायची. मागे बायांचं काय चालतं याच्याशी तिचा संबंध नव्हता. शांताराम तिकिटं फाडत तिच्यापर्यंत आला की इतर बायका मुद्दाम म्हणायच्या, "मास्तर, घरच्यांचं तिकीट काढलंत ना?" आणि तो लाजून लाल व्हायचा. सुखाचे दिवस होते. फार थोडे होते, पण होते.

त्या वर्षीच्या थंडीत एका सकाळी लतिकाला घरातून निघायला उशीर झाला. ती रस्त्यावर आली तर गाडी स्टॉपवर उभी, पुढच्या दाराला माणसं लोंबकळलेली. गाडी मागून गाठायची म्हणून ती पदर खोचून धावत सुटली. मागच्या चाकापाशी पोचली, दोन पावलांवर दार, पण दाराशी पाट्या आणि बाया. मुंबईत वाढलेलं कुठलंही माणूस अशा वेळी जे करतं तेच तिने केलं. गाडी थांबवायची म्हणून पत्र्यावर हात आपटला. थाप, थाप. थांबा, मी येतेय.

आत शांताराम सुट्ट्या पैशांवरून एका कॉलेजच्या पोराशी डोकं लावत होता. कानावर दोन थापा आल्या. हात सवयीने वर गेला आणि त्याने दोरी दोनदा ओढली. कॉन्रॅडने गाडी काढली.

पुतळाबाईचा एक पाय पायरीवर होता, दुसरा खाली यायचा होता. ती पाठीवर पडली आणि डोकं गटाराच्या कडेच्या दगडावर आपटलं. गाडी थांबली, लोक धावले. सगळ्यांत आधी पोचली लतिका, ती तिथेच तर होती. तिने पुतळाबाईचं डोकं मांडीवर घेतलं, ऑफिसची साडी रक्ताने भरली. रेजिना हातातली पाटी तशीच धरून उभी होती. तिला ती खाली ठेवायचंसुद्धा सुचलं नाही. पुतळाबाई इस्पितळात पोचायच्या आधीच गेली.

शांताराम गर्दीतून वाट काढत खाली उतरला तोवर लतिका पुतळाबाईला रिक्षात घालून इस्पितळाकडे निघून गेली होती. बायांनी त्याला घेरलं. कोणी त्याची कॉलर धरली. आणि तो ओरडला, "पत्रा वाजला! पत्रा वाजला म्हणून मी बेल दिली!" खोटं नव्हतं ते. घाबरलेलं माणूस जे खरं आहे तेच आधी बोलतं. सगळ्या बायांनी वळून रेजिनाकडे बघितलं. या गाडीचा पत्रा दुसरं कोण वाजवणार?

पोलीस, पंचनामा, डेपो, जबाब असं करत तो घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. लतिकाने आंघोळ केली होती, साडी भिजत घातली होती आणि भिंतीला टेकून बसली होती. त्याने पाणी मागितलं. तिने दिलं, आणि मग रडत रडत म्हणाली, "अहो, मी वाजवत होते ना पत्रा. दोनदा वाजवला. थांबा म्हणून. तुम्ही ऐकलंत कसं नाही? ऐकलं असतंत तर ती बाई वाचली असती."

शांतारामच्या हातातला पेला तसाच राहिला. त्याला सगळं कळलं, आणि तिला काहीच कळलेलं नाही हेही कळलं. ती त्याला दोष देत होती. उलट सांगावं, की अगं, ऐकलं म्हणूनच बाई गेली, तर ही मुलगी उभ्या जन्मात सावरणार नाही. त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "चुकलं माझं. लक्ष नव्हतं. पण तू पत्रा वाजवलास हे कोणाला सांगू नकोस. वाजवूनही गाडी सोडली म्हटल्यावर माझी नोकरी जाईल."

तिने डोळे पुसले आणि मान हलवली. नवऱ्याला वाचवायचं म्हणून ती गप्प राहिली. आणि तिला वाचवायचं म्हणून तो. एकाच खोलीत दोन माणसं एकमेकांसाठी तोंड मिटून बसली आणि दोघांनाही वाटत राहिलं की आपण मोठंच काही करतो आहोत.

चौकशीत शांतारामने जबाब बदलला. पत्रा वाजलाच नाही, मी न बघता घंटी दिली, चूक सर्वस्वी माझी. साहेबाने दोनदा विचारलं, "आधी तर वेगळं बोलला होतास?" तो म्हणाला, "घाबरलो होतो साहेब." त्याला वाटलं, आता विषय मिटला, सगळं आपल्या अंगावर घेतलं. बिचाऱ्याला जगाचा अंदाज नव्हता. बातमी पाचूबंदरला पोचली ती अशी, की मास्तर देवमाणूस आहे, रेजिनाला वाचवायला त्याने स्वतःवर घेतलं. म्हणजे काल फक्त संशय होता, तो आज पक्का झाला. खोटं बोलणाऱ्या माणसाची एवढी अब्रू या तालुक्यात क्वचितच कोणी बघितली असेल.

तो काही महिने निलंबित राहिला. पोलिसांची केस सुरू होती, तारखा पडत होत्या. पापडीत तोंड दाखवायची लाज वाटायला लागली तेव्हा दोघं नायगावला, खाडीच्या बाजूला नव्याने उठलेल्या एका इमारतीत राहायला गेली. लतिका आता तिथूनच कामावर जाई, पापडीचा रस्ता तिने परत बघितला नाही. शांताराम पुन्हा कामावर रुजू झाला तेव्हा त्याला वटारच्या गाडीवर टाकलं. तिथे पाट्या केळीच्या, भाजीच्या, फुलांच्या. वास चांगला. तरीही मागच्या दाराशी गेल्याशिवाय त्याने परत कधी घंटी दिली नाही, त्यापायी गाडी रोज उशिरा पोचायची आणि रोज बोलणी बसायची.

वटारच्या गाडीत ॲनी नावाची एक भाजीवाली होती. तिची बहीण पाचूबंदरला दिलेली. एकदा ती आपणहून म्हणाली, "मास्तर, तुमी त्या रेजिनाला वाचवली, पन गावानं नाय सोडली तिला."

शांतारामने विचारलं, "म्हणजे?"

"म्हंजे काय? पापडीच्या बाजारात तिच्या बाजूला कोन बसत नाय. पुतळाबायची सून तिला बघून थुंकते. पोराचं लगीन ठरलेलं, ते पोरीवाल्यांनी मोडलं. रेजिना पयले सांगत फिरायची, माज्या दोनी हातांत पाटी होती, मी कसा वाजवीन? कोन आयकनार? दुसरा कोन वाजवतो काय पत्रा?"

शांताराम पुढच्या स्टॉपवर घंटी द्यायला विसरला. त्या दिवशी घरी जाऊन सांगायचंच असं त्याने ठरवलं. घरी गेला तर लतिका दारातच हसत उभी. तिला दिवस गेले होते. मग कसं सांगणार? आता नको, बाळंतपण होऊ दे. बाळंतपण झालं, मुलगी झाली, ज्ञानदा नाव ठेवलं. आता नको, अंगावर पितेय पोर. मग पोरीला गोवर आला. मग लतिका पुन्हा कामावर जायला लागली. न सांगायला कारण शोधणाऱ्याला कारणांचा कधी तोटा पडत नाही. शांताराम वाईट माणूस नव्हता. पण रेजिनाचे ते दिवस त्यानेच खाल्ले, हे त्याच्या चांगुलपणामुळे काही कमी होत नाही.

रात्रंदिवस मनात तेच. पोरीने पाळण्याच्या लाकडावर हात आपटला तरी तो दचकायचा. लतिका म्हणायची, "अजून त्या बाईचंच डोक्यात आहे ना? झालं हो आता. तुम्ही काही मुद्दाम केलं नाहीत." ती जितकं समजुतीने बोलायची तितकं त्याला जड व्हायचं.

दोन वर्षं होत आली तेव्हा एका सकाळी पाचूबंदरच्या गाडीवरचा कंडक्टर आजारी पडला आणि शांतारामला त्याच्या जागी पाठवलं. गाडी किल्ल्यापाशी वळली आणि त्याला रस्त्याच्या कडेने चालणारी रेजिना दिसली. डोक्यावर पाटी, उन्हात एकटी. कॉन्रॅडनेच सांगितलं, "ती गाडीत बसत नाय रे आता. चालतच जाते." शांतारामने दोरी एकदा ओढून गाडी थांबवली, दारात येऊन हाक मारली, "रेजिनाबाई, या!" गाडीतल्या बाया खिडकीतून दुसरीकडे बघायला लागल्या. रेजिनाने मान वर केली, त्याला ओळखलं, आणि जराही न थांबता गाडीला वळसा घालून पुढे निघून गेली. आधीच बारकी होती, आता तर नुसती हाडं राहिली होती.

त्याच संध्याकाळी त्याने लतिकाला सांगितलं. रीत काय होती, दोन थापांचा अर्थ काय होता, सगळं. ती पोरीला भरवत होती. भरवणं थांबलं. तिने स्वतःचा उजवा हात उलटा करून बघितला, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. मग विचारलं, "आणि मी तुम्हाला म्हणत राहिले, ऐकलं का नाही म्हणून?"

त्याने भाताची ताटली पोरीच्या हातापासून दूर सरकवली.

"तुम्ही मला का नाही सांगितलंत? मला मरू द्यायचं होतंत, पण सांगायचं होतंत," ती म्हणाली. मग ती आजारीच पडली. तापाने फणफणली, अन्न जाईना. दोन महिन्यांनी जरा उभी राहिली तेव्हा पहिलं वाक्य बोलली ते हेच, "मला त्या रेजिनाकडे घेऊन चला. मी सगळ्या गावासमोर सांगते."

रविवारी ज्ञानदाला शेजारणीकडे ठेवून दोघं पाचूबंदरला गेली. रेजिना अंगणात बोंबील वाळत घालत होती. शांतारामला बघून तिने हात पुसले आणि बसायला फळी पुढे केली. ही बाई शिव्या देईल, हाकलून देईल, असं त्याला वाटलं होतं. लतिका बसली नाही. उभ्या उभ्याच, एका दमात तिने सगळं सांगून टाकलं. मी धावत आले, मी पत्रा वाजवला, मला माहीत नव्हतं, तुमचा काही दोष नाही. सांगून झाल्यावर ती पाया पडायला वाकली, तर रेजिनाने पाय मागे घेतला.

"मना म्हाईत होता," रेजिना म्हणाली.

शांताराम चमकला. "काय माहीत होतं?"

"का मी नाय वाजवला ते. माजे हात, मना नाय म्हाईत? दोनी हातांत पुतळाची पाटी होती. कोन वाजवला ते नव्हता म्हाईत. आता कल्ला."

"मग आता चला ना आमच्याबरोबर," लतिका घाईने म्हणाली. "पुतळाबाईंच्या घरी जाऊ. मी सांगते त्यांच्या सुनेला. सगळ्यांना सांगते."

"नको." रेजिनाचा आवाज एकदम चढला. "एक शबुद बोलायचा नाय."

रेजिनाने गल्लीच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "दोन वर्सं मी नाय नाय बोलली. कोनी आयकला नाय. माजा पोर बोलला, आये, तू खोटी. गेल्या म्हयन्यात देवलात जाऊन फादरकडं कुमसार केला, कबुली दिली, हा पाप माजा हाय म्हनून. मंग पुतळाच्या सुनेच्या दारात गेली, तिचे पाय धरले. बोलली, हो, मीच वाजवला, माज्याच हातून झाला. ती रडली, मी रडली. तिनं मना उठवला. नाय बोलली तवा कोनी आयकला नाय, हो बोलली तवा सगल्यांनी माफ केला."

"पण ते खोटं आहे," शांताराम म्हणाला.

"मना नको सांगू खोटा-खरा." तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याला मान खाली घालावी लागली. "कुमसारात खोटी बोलली मी. देवाला काय जबाब देयाचा तो मी देईन. आता तू लोकांना खरा सांगशील, तर त्या बोलतील, मंग पाय कशाला धरलेस? आमाला फसवलीस? परत पयल्यापासून? मास्तर, तू तवाच आला असतास तर तुजे पाय मी धरले असते."

गल्लीतून कोणीतरी हाक मारली. "रेजिनाबाय, चल गो, होडी लागली!" डोक्यावर रिकाम्या पाट्या घेतलेल्या चार-पाच बाया वळणावर तिच्यासाठी थांबल्या होत्या. त्यांत पुढे होती ती पुतळाबाईची सून. रेजिनाने घाईघाईने केस नीट केले, पाटी उचलली, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. नवीन सुनेला सासरच्या बायकांत नेऊन बसवल्यावर जसं भीत भीत येतं, तसं ते होतं.

"कोन आलाय गो?" सुनेने तिथूनच विचारलं.

"कोन नाय. मास्तर. भेटाया आला होता," रेजिना म्हणाली, आणि त्यांच्यात जाऊन मिसळली.

लतिकाने हाक मारायला तोंड उघडलं. शांतारामला वाटलं तिला थांबवावं, पण थांबवायची गरज पडली नाही. तिने तोंड आपणच मिटलं. बाया दिसेनाशा झाल्या तरी ती बोंबलांच्या काठ्यांजवळ उभी होती. शेवटी म्हणाली, "मग आता मी कोणाला सांगू?" परतीची गाडी यायला वेळ होता, तेव्हा ती दोघं स्टॉपवर न थांबता पापडीच्या दिशेने चालायला लागली.